पाय उचलायचा नाही

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला नॉर्थफील्डमध्ये एका आजोबांकडे मी एमजीएफ बघायला गेले होते. सन २०००ची, गर्द हिरवी, दोन सीटची उघडी गाडी. गॅरेज बघत राहावं असं. स्पॅनर मापाप्रमाणे ओळीने टांगलेले, फरशीवर तेलाचा एक डाग नाही. मी काही विचारायच्या आत त्यांनी ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. स्वच्छ. तिथे पिवळट चिकट थर दिसला असता तर इंजिनात पाणी आणि तेल एकत्र होतंय असं समजायचं, आणि या गाडीच्या इंजिनाची ती जुनी खोड आहे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी पट्टी, बदलल्याची पावती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. किंमतही जवळजवळ ठरली. मग त्यांनी सहज विचारलं, "रोज चालवणार, की रविवारची?" मी खरं ते सांगितलं. ड्रिफ्ट शिकायचंय. बंद ट्रॅकवर, ओल्या डांबरावर, मागची चाकं मुद्दाम घसरवून गाडी आडवी चालवायला शिकायचंय. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. हातातली किल्ली त्यांनी खिशात टाकली आणि म्हणाले, "मग ही नको. माफ करा." आणि त्याच सुरात, "चहा घेणार ना?"

चहा घेतला. बोलता बोलता कळलं की त्यांची सगळी नोकरी ही गाडी जिथे बनली त्या लाँगब्रिजच्या कारखान्यात गेली, अगदी एप्रिल २००५ पर्यंत. त्या महिन्यात एमजी रोव्हर बुडाली आणि जवळपास सहा हजार माणसं एकदम घरी बसली. मी पिंपरी-चिंचवडची, बाबा टेल्कोत होते, असं म्हटल्यावर ते पुढे सरकून बसले. पुण्यात बनलेली इंडिका २००३ पासून सिटीरोव्हर या नावाने इथे विकली जायची, हे त्यांना नीट आठवत होतं. त्या गाडीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण माझ्यासमोर त्यांनी ते मोजक्या शब्दांत आटोपतं घेतलं. मला ते आवडलं. निघताना त्यांनी गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि मला गाडीपर्यंत सोडायला आले. वागण्यात कुठे कडवटपणा नव्हता, म्हणूनच बहुतेक तो नकार माझ्या मनातून जाईना. वस्तू विकायला काढली, माणूस पैसे घेऊन दारात आला, आणि वस्तूचं पुढे काय होणार हे ऐकून त्यांनी ती परत आत घेतली. कॉव्हेंट्रीकडे येताना मी त्यांच्या बाजूने विचार करत होते आणि माझ्याही.

माझी बाजू थोडी सांगायला हवी. मी ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करते. गाडी वळणावर घसरायला लागली की तिला सरळ करणारी जी यंत्रणा असते, स्टॅबिलिटी कंट्रोल, तिचे आकडे जुळवणं हा माझा धंदा. स्टिअरिंग किती फिरवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय, आडवा जोर किती पडतोय, चारही चाकं किती वेगात आहेत, हे सगळं ती यंत्रणा सतत बघत असते. शेपूट बाहेर जायला लागलं की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक एकटंच दाबते, इंजिनाचा जोर कमी करते आणि माणसाच्या लक्षात यायच्या आत काम उरकते. १९९५ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत ती पहिल्यांदा आली. १९९७ साली स्वीडनमधल्या एका चाचणीत छोटी ए-क्लास उलटली आणि मग छोट्या गाड्यांतही ती येऊ लागली. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ती असावीच लागते. तिने किती जीव वाचवलेत हे मला माहीत आहे आणि त्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. पण स्क्रीनवर जी रेघ मी रोज बघते, ज्या रेघेच्या पलीकडे गाडी जाऊ नये म्हणून माझा दिवस जातो, तिच्या पलीकडे मी स्वतः कधी गेले नव्हते. पाठीला ते कसं कळतं, हाताला कधी कळतं, भीती नेमकी कोणत्या क्षणी येते, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

मला ते अंगाने कळायला हवं होतं.

ड्रिफ्ट शिकायचंय म्हटल्यावर इथे कोणीही सांगेल, माझदा एमएक्स-फाइव्ह घे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, गाडी हलकी, सुटे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर. सल्ला बरोबर आहे, आणि नुसतं ड्रिफ्ट यायला हवं असेल त्याला मीही हाच देईन. पण मला मधल्या इंजिनाची, म्हणजे इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असलेली गाडी हवी होती, कारण सुटली, म्हणजे मागच्या टायरांची पकड गेली, की सगळ्यात कमी वेळ देते ती हीच. यातली गंमत जपानच्या एका जोडीत दिसते. १९८३ साली टोयोटाची एई-८६ आली. जपानी रेसर केइची त्सुचिया हे ज्या गाडीमुळे 'ड्रिफ्ट किंग' म्हणून ओळखले जातात ती ही. तिच्या पुढच्या बॉनेटखाली फोर-ए-जीई नावाचं १५८७ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेलं होतं. पुढच्याच वर्षी टोयोटाने तेच इंजिन आडवं करून सीटच्या मागे टाकलं आणि एमआर-टू नावाची दोन सीटची गाडी काढली. कंपनी एक, इंजिन एक, चालणारी चाकं मागचीच. जागा तेवढी बदलली आणि स्वभाव बदलला. एई-८६ मागून सुटते ती सांगून सुटते. एमआर-टू बराच वेळ घट्ट धरून ठेवते, आणि सुटली की एकदम सुटते. फुगडी घालताना दोघी एकमेकींच्या जवळ आल्या की गिरकी अचानक वाढते, त्यातलाच हा प्रकार. सगळं वजन मध्याजवळ असलं की गाडी वळायला चपळ होते, आणि तीच चपळाई स्वतःभोवती फिरतानाही तिला असते. मागच्या टायरवर इंजिनाचा भार असल्यामुळे पकड जास्त, म्हणून चाकं सोडवायला कष्ट जास्त. पुढचा भाग हलका, म्हणून वळणात शिरताना नाक बाहेर जायला बघतं. आणि एवढं करून ती सुटली, की सावरायला मिळणारा वेळ पुढच्या इंजिनाच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी. दुसऱ्या पिढीच्या एमआर-टूची याबाबतीत इतकी ख्याती झाली की टोयोटाने ती बाजारात आल्यावर दोनेक वर्षांत मागच्या सस्पेन्शनची भूमितीच बदलली.

माझ्याकडे तीन हजार पौंड होते. त्यात तीन गाड्या बसत होत्या. पोर्श बॉक्सस्टरचं पहिलं मॉडेल, १९९६ सालचं, अडीच लिटरचं, दोनशे अश्वशक्तीचं. खरं सांगायचं तर ड्रिफ्टसाठी तिघींत तीच सरस. मागची पकड तोडायला लागणारा जोर तिच्याकडे आहे, आणि सुटल्यावर ती बरीच समजूतदार वागते. पण तिच्या इंजिनात एका मधल्या शाफ्टचं बेअरिंग आहे. ते गेलं तर धातूचे कण इंजिनभर होतात आणि गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा आकडा मोठा होतो. शिकणारीने अशी गाडी घेतली की पाय पॅडलवर आणि लक्ष बेअरिंगवर. दुसरी एमजीएफ. तिचं के-सिरीज इंजिन वजनाला हलकं, हुशारीने बनवलेलं, पण त्यात पाणी मावतं थोडं, आणि रेडिएटर गाडीच्या नाकात असल्यामुळे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप जातात. ते गंजले, पाणी थोडं जरी कमी झालं, की आधी हेड गॅस्केट जातं. साध्या मॉडेलची ताकद ११८ अश्वशक्ती. तिसरी एमआर-टूची शेवटची पिढी, १९९९ ते २००७ मधली. जपानात हिला एमआर-एस म्हणतात. वजन साधारण ९७५ किलो, १३८ अश्वशक्ती, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर, म्हणजे तिच्या दोन्ही थोरल्या बहिणींपेक्षा जास्त. हे अंतर वाढलं की गाडी फिरायला थोडा अधिक वेळ घेते. नवशिक्याला एवढाच थोडा वेळ लागतो.

गाडी शोधण्याच्या त्या काळात रात्री जेवण झालं की मी लॅपटॉप घेऊन बसायची. इथे गाड्यांची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि नंबर टाकला की कुठल्याही गाडीचा तपासणीचा इतिहास सरकारी वेबसाइटवर वाचता येतो. मायलेज, नापास झाली असेल तर कशामुळे, आणि पास करताना तपासणाऱ्याने लिहून ठेवलेल्या सूचना. 'मागच्या सबफ्रेमला', म्हणजे चाकं आणि सस्पेन्शन धरून ठेवणाऱ्या सांगाड्याला, 'गंज, फार नाही.' पुढच्या वर्षी, 'मागच्या सबफ्रेमला गंज.' त्याच्या पुढच्या वर्षी नापास. एखाद्या गाडीचं मायलेज वर्षाला दहा हजारांनी वाढत असतं आणि एका वर्षी दोनशेवर येतं. तिथे काय घडलं असेल? मूल झालं असेल, नोकरी गेली असेल, कुणी आजारी पडलं असेल. जाहिरातीत त्यातलं काहीच नसतं. तिथे गाडी नुकतीच पॉलिश केलेली असते आणि फोटो संध्याकाळच्या उन्हात काढलेला असतो.

एमआर-टूची स्वतःची खोड मला पाठ झाली होती. तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांतच, धूर स्वच्छ करणारे छोटे कॅटलिस्ट बसवलेले असतात. ते जुने होऊन भुगा व्हायला लागले की ती सिरॅमिकची पूड उलटी इंजिनात ओढली जाते आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे उठतात. मग इंजिन तेल प्यायला लागतं. सुरुवातीच्या गाड्यांचे पिस्टनही तेल खाण्याबद्दल बदनाम आहेत. म्हणून मी लेस्टरजवळ बघितलेल्या एका चंदेरी गाडीचं इंजिन थंड असतानाच डिपस्टिक काढली, मालकाला गाडी सुरू करायला सांगितली आणि मागे उभी राहून धुराचा रंग बघत राहिले. निळा नाही. टॉर्च घेऊन खाली वाकून क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीखालचा आडवा लोखंडी भाग, गंजलाय का ते बघितलं. मालकाने छोटे कॅटलिस्ट आधीच काढून टाकले होते आणि त्याचे फोटो ठेवले होते. दाराच्या कडेला ओरखडा, छताच्या काचेजवळ कापड विरलेलं, सीटला कुत्र्याचा वास. या गाडीला डिकी नावापुरतीही नाही. नाकात स्टेपनी आणि सीटच्या मागे दोन पिशव्या मावतील एवढा कप्पा. मी हो म्हटलं. तिचं मी काय करणार आहे हे त्या मालकाने विचारलं नाही, आणि त्याने विचारलं नाही म्हणून मला सुटल्यासारखंही झालं आणि थोडं वाईटही वाटलं.

बाबांना फोन केला. मधलं इंजिन म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपली ओम्नीच की!" आणि ते खरंच आहे. आमच्या ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं, जोर मागच्या चाकांना. एप्रिल-मेमध्ये सोलापूरला आत्याकडे जाताना इंदापूर येईपर्यंत पुढे बसणाऱ्याच्या मांड्या भाजायच्या. आई खाली चौपदरी सतरंजी घालायची. तेल बघायचं म्हणजे सगळ्यांनी उतरायचं आणि सीट उचलायची. मी गाडी शिकले ती त्याच ओम्नीवर, प्राधिकरणातल्या रिकाम्या रस्त्यांवर. पहिल्या पावसात भक्ती-शक्ती चौकाच्या अलीकडे एका वळणावर ती मागून हलली होती. अगदी वीतभर. बाबा शेजारून ओरडले होते, "पाय काढ! रेस सोड!" मी सोडली, गाडी सरळ झाली, आणि तो धडा पायात कायमचा बसला. घाबरलीस की पाय उचल.

स्किड पॅनवर, म्हणजे गाडी घसरवण्याच्या सरावाच्या ओल्या जागेवर, पहिल्या दिवशी नेमकं हेच विसरायला सांगितलं गेलं.

जागा म्हणजे महायुद्धातली जुनी धावपट्टी. इंग्लंडभर अशा धावपट्ट्या पडून होत्या. सिल्व्हरस्टोनचा प्रसिद्ध ट्रॅकही मुळात बाँबर विमानांचा तळ. सकाळी नऊला धुकं होतं, टँकरने डांबरावर पाणी मारून ठेवलं होतं आणि मध्ये एक केशरी शंकू. आमच्या शिक्षिका साठीच्या पुढच्या, पूर्वी रॅली चालवणाऱ्या. बारीक आवाजात बोलायच्या, पण हेल्मेटमधूनही शब्दन् शब्द ऐकू यायचा. पहिल्यांदा नुसतं शंकूभोवती गोल फिरायचं, दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू वेग वाढवत. वेग वाढला तसं स्टिअरिंग हलकं पडत गेलं आणि नाक बाहेर सरकायला लागलं. मग त्या म्हणाल्या, "आता पाय उचल." मी उचलला. वजन पुढे गेलं, मागचे टायर रिते झाले, आणि पाठीमागे कुणीतरी खुर्ची ओढून घ्यावी तसं कमरेला काहीतरी हललं. डोळ्यांना कळायच्या आधी कमरेला कळलं. हात स्टिअरिंग फिरवायला लागेपर्यंत शंकू एकदा समोरून, एकदा मागून गेला होता आणि आम्ही उलट्या दिशेला तोंड करून उभ्या होतो. इंजिन बंद पडलेलं, वायपर चालू, ओल्या रबराचा आणि तापलेल्या क्लचचा वास. त्यांनी विचारलं, "कुठे कळलं?" मी कमरेवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "छान. आता पाय उचलायचा नाही."

हे म्हणायला सोपं आहे. गाडी मागून निघाली की सगळं अंग ओरडतं की सोड. पण या गाडीत सोडलं की मागच्या टायरवरचा उरलासुरला भारही निघून जातो आणि ती आणखी फिरते. सावरायचं तर पाय खाली दाबून धरायचा, म्हणजे वजन मागे जाऊन टायर पुन्हा दाबले जातात. स्टिअरिंग मुठीतून सैल सोडायचं, कारण पुढची चाकं आपण होऊन घसरण्याच्या दिशेने वळतात. आणि जिथे जायचंय तिथे बघायचं, जिथे आदळणार वाटतंय तिथे नाही. शिवाय हिचं स्टिअरिंग ड्रिफ्टवाल्यांच्या गाड्यांइतकं फिरत नाही, त्यामुळे कोन थोडा जास्त झाला की सावरायला जागाच उरत नाही. पाय किती दाबायचा हेही ठरलेलं नाही. जास्त दाबला तर आतलं चाक नुसतं हवेत फिरावं तसं गरगरतं आणि काहीच होत नाही, कमी पडला तर गिरकी. मधली जागा बोटाच्या पेरापेक्षा मोठी नाही. कधीतरी दुपारनंतर ती जागा सापडते. गाडी आडवी, दाराच्या खिडकीतून समोरचं दिसतंय, मागचं इंजिन एका सुरात गातंय, आणि स्टिअरिंगवर हात जवळजवळ काहीच करत नाहीत. तीन श्वास, चार श्वास. मग जाते. पण तेवढ्यात मला माझ्या स्क्रीनवरच्या रेघेचा अर्थ लागला होता. मी जिला 'अस्थिर' म्हणून लाल रंग देते तिथेही एक तोल असतो. माणूस शिकला तर तिथे राहू शकतो.

सोमवारी कामावर गेल्यावर मी आकडे बदलले असं काही झालं नाही. रस्त्यावर मूल घेऊन निघालेल्या दमलेल्या माणसाला हा तोल शिकवायला कुणाला वेळ आहे? त्याच्यासाठी यंत्रणाच हवी, आणि ती चोख हवी. फक्त आता एखादी नोंद बघताना त्या वळणावर चालवणाऱ्याने पाय कधी उचलला ते मी आधी शोधते. बहुतेक वेळा तो सापडतो.

नॉर्थफील्डच्या आजोबांबद्दल मी बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं की ते त्यांची बाजू घेतील. बाबा सस्पेन्शनच्या लाइनवर होते, गाडीवर साधं बोट ओढलेलं त्यांना खपत नाही. ते म्हणाले, "अगं, आमच्या ट्रॅकवर नव्या कोऱ्या गाड्या खड्ड्यांतून आपटून आपटून मोडायचे. मोडल्याशिवाय कळणार कसं?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण त्यांचा कारखाना बंद पडलाय. आमचा चालू आहे." त्या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकले. लाँगब्रिजमधून ती गाडी पुन्हा येणार नाही. एमजी हे नाव आता चिनी कंपनीकडे आहे आणि त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हलोललाही बनतात, पण त्या आजोबांच्या हातांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यांच्याकडची हिरवी गाडी म्हणजे त्यांच्या कामाचा उरलेला पुरावा आहे. ती त्यांनी मला दिली नाही हे योग्यच केलं, असं मला आज वाटतं. आणि मी चंदेरी गाडी ओल्या डांबरावर फिरवते हेही मला चुकीचं वाटत नाही. दोन्ही मला एकाच वेळी पटतं आणि त्यातलं एक सोडावं असं वाटत नाही. माझ्या गाडीच्या प्रत्येक फेरीत टायर झिजतो, क्लच झिजतो, कुठलंतरी रबरी बुश थोडं आणखी ढिलं होतं. टोयोटाच्या कारखान्यात ते बसवणारा कुणीतरी आज निवृत्त होऊन घरी बसला असेल. म्हणून घरी आल्यावर मी गाडी जॅकवर घेते, सबफ्रेमवरची माती धुते, तेल बघते, नट कसते. ट्रॅकवर ती माझ्यासाठी जे करते त्याच्या बदल्यात मला एवढंच करता येतं.

सध्या डावीकडे वळताना मला बऱ्यापैकी जमतं. उजवीकडे अजून पाय उचलला जातो. शिक्षिका म्हणतात, प्रत्येकाची एक बाजू घाबरट असते, इंग्रजी आठचा आकडा काढायला लागलीस की ती आपोआप उघडी पडेल. उन्हाळ्यात बाबा येणार आहेत आणि त्यांना शेजारच्या सीटवर बसायचंय. ट्रॅकवर हेल्मेटशिवाय बसू देत नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडून डोक्याचं माप मागवलं. त्यांनी आईच्या शिवणाच्या टेपने घेऊन, टेप कुठे धरली याचा फोटोही पाठवलाय.